गोल्फच्या बॉलमध्ये चिप दोघांनी बसवली, मग धंदा एकाचाच का झाला? नवं यंत्र चालणार की नाही, हे असं ठरतं

आयडिया एकच होती. गोल्फच्या बॉलच्या आत एक छोटी चिप बसवायची.

ही आयडिया इंग्लंडमधल्या स्टीव्ह आणि डेव्ह जॉलिफ या जुळ्या भावांनी वापरली. त्यांनी बॉल गिऱ्हाइकाला विकलाच नाही. २००० साली लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये त्यांनी एक सरावाचं मैदान सुरू केलं. तिथं या, पैसे भरा, समोरच्या गोल टार्गेटमध्ये बॉल मारा. कोणाचा बॉल कुठं पडला हे चिप सांगणार आणि स्क्रीनवर पॉइंट दिसणार. सोबत खाणं-पिणं, मित्रमंडळी. या मैदानाचं नाव टॉपगोल्फ.

पुढं काही वर्षांनी अमेरिकेत रडारगोल्फ नावाचं यंत्र आलं. चिप इथंही बॉलमध्येच होती, पण काम वेगळं होतं. बॉल झाडीत गेला की हातातलं यंत्र फिरवायचं, सिग्नल मिळाला की त्या दिशेनं जायचं आणि बॉल शोधायचा. आता गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाचा बॉल कधी ना कधी हरवतोच. त्यामुळे हे यंत्र हातोहात खपेल असं कोणालाही वाटलं असतं.

झालं उलटंच. टॉपगोल्फ जगभर पसरलं आणि २०२१ मध्ये कॅलवे या बड्या गोल्फ कंपनीनं ते आपल्यात विलीन करून घेतलं. रडारगोल्फचं यंत्र मात्र बाजारात टिकलं नाही.

मग फरक कुठं पडला? नवं यंत्र बाजारात आणण्याआधी ते चालणार की नाही हे ठरवतात कसं? आज हेच समजून घेऊ. उदाहरण गोल्फचं असलं, तरी कोणतंही नवं गॅजेट काढायला निघालेल्यांना हे प्रश्न चुकत नाहीत.

आधी हे बघू, गोल्फमध्ये यंत्र लागतं कशाला?

गोल्फमध्ये खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या असतात. त्यांना क्लब म्हणतात. प्रत्येक क्लबनं बॉल वेगवेगळ्या अंतरावर जातो. त्यामुळे दर वेळी दोन गोष्टी माहीत लागतात. झेंडा किती लांब आहे आणि कोणता क्लब मारला तर बॉल किती लांब जातो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणारी यंत्रं म्हणजे लेझर रेंजफाइंडर आणि जीपीएसवाली घड्याळं. लेझर झेंड्यावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो लाँच मॉनिटर. हे यंत्र रडारनं किंवा कॅमेऱ्यानं बॉलचा वेग, उडण्याचा कोन आणि फिरकी मोजतं.

तिसरा प्रकार सेन्सरचा. क्लबच्या मुठीच्या टोकाला सेन्सर बसवायचा, मग तुम्ही कुठून कोणता फटका मारला याची नोंद फोनमध्ये आपोआप होते. अर्कोस ही कंपनी यातलं ठळक नाव.

म्हणजे बाजार रिकामा नाही. नवीन येणाऱ्याला या सगळ्यांच्या गर्दीतून जागा काढायची असते.

पहिला प्रश्न: खेळणारे किती आणि घेणारे किती?

नवउद्योजकाच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड हमखास असते. “हा बाजार एवढा मोठा आहे, त्यातला फक्त १ टक्का मिळाला तरी...” बहुतेकांची गाडी इथंच घसरते.

अमेरिकेचंच उदाहरण घ्या, कारण गोल्फचा सगळ्यात मोठा बाजार तिथंच आहे. नॅशनल गोल्फ फाउंडेशन या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये तिथं ४ कोटी ७२ लाख लोक या ना त्या प्रकारे गोल्फ खेळले. आकडा जबरदस्त आहे. पण यातले १ कोटी ९१ लाख लोक मैदानावर गेलेच नाहीत. ते टॉपगोल्फसारख्या ठिकाणी किंवा सिम्युलेटरवर खेळले. त्यांना झेंड्याचं अंतर सांगणारं यंत्र विकून उपयोग काय?

उरले २ कोटी ८१ लाख. त्यातही कितीतरी लोक वर्षातून चार-दोन वेळा, मित्रांनी ओढून नेलं म्हणून खेळणारे. मग मनापासून खेळणारे मोजायचे कसे? त्यासाठी एक सोपी खूण आहे, ती म्हणजे हँडिकॅप. खेळाडू किती चांगला आहे हे सांगणारा हा अधिकृत आकडा. तो मिळवायचा तर नोंदणी करावी लागते आणि स्कोअर भरावे लागतात. अमेरिकेत असा हँडिकॅप असणारे ३० लाखांहून जास्त आहेत.

४ कोटी ७२ लाखांवरून आकडा ३० लाखांवर आला. अजून तर यंत्राची किंमतही सांगितलेली नाही.

एक छोटं गणित करून बघू

खालचे आकडे फक्त समजून घेण्यासाठी धरलेले आहेत. समजा, यंत्राची किंमत २०० डॉलर आहे.

आधी १ टक्क्याचं स्वप्नाळू गणित. ४ कोटी ७२ लाखांचा १ टक्का म्हणजे ४ लाख ७२ हजार यंत्रं. गुणिले २०० म्हणजे ९ कोटी ४४ लाख डॉलरची विक्री.

आता जमिनीवरचं गणित. मनापासून खेळणारे ३० लाख. त्यातल्या चौघांपैकी एकाला ही किंमत परवडते आणि ही अडचणही त्याला खरंच जाणवते असं धरा. झाले साडेसात लाख. त्यातल्या तिघांपैकी दोघांकडे अशाच कामाचं एखादं घड्याळ किंवा रेंजफाइंडर आधीच आहे. राहिले अडीच लाख. नवख्या कंपनीनं तीन वर्षांत त्यातल्या १० टक्के लोकांना यंत्र विकलं तर खपली २५ हजार यंत्रं. म्हणजे तीन वर्षांची विक्री ५० लाख डॉलर. स्वप्नाच्या जवळपास एकोणिसाव्या हिश्शाएवढी.

पुढं त्या २०० डॉलरचे भाग पाडा. समजा, दुकानदार ६० घेतो, यंत्र बनवायला ८० लागतात, पाठवणी आणि वॉरंटीत २० जातात. हातात उरले ४०. गुणिले २५ हजार म्हणजे तीन वर्षांत १० लाख डॉलर. यातूनच इंजिनिअरचे पगार, ॲपची देखभाल आणि जाहिरात.

हा धंदा अगदीच वाईट आहे असं नाही. चार-पाच जणांची टीम काटकसरीनं चालली तर तगूही शकते. पण पहिलं गणित खरं मानून घर गहाण टाकलं असेल, पन्नास माणसं भरली असतील आणि गोदामात लाखभर यंत्रं भरून ठेवली असतील, तर दिवाळं ठरलेलं. यंत्र तेच असतं. कंपनी बुडणार की तगणार हे गणित कुठून सुरू केलं यावर ठरतं.

दुसरा प्रश्न: नियमात बसतं का?

गोल्फचे नियम दोन संस्था मिळून ठरवतात. अमेरिका आणि मेक्सिकोसाठी यूएसजीए, बाकी जगासाठी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज इथली आर अँड ए. यांच्या एका ओळीनं यंत्राचा बाजार उघडतो किंवा बंद होतो.

अंतर मोजणाऱ्या यंत्रांचंच बघा. आधी सामन्यात त्यांना बंदी होती. २००६ पासून क्लबांनी किंवा आयोजकांनी तसा स्थानिक नियम केला तर परवानगी मिळू लागली. २०१९ च्या नव्या नियमांत ती सरसकट चालतील असं ठरलं, बंदी घालायची असेल तर आयोजकांनी तसं वेगळं सांगायचं. २०२१ मध्ये पीजीए चॅम्पियनशिपसारख्या मोठ्या स्पर्धेतही रेंजफाइंडर दिसले. २०२५ मध्ये पीजीए टूरनंही काही स्पर्धांत त्यांची चाचणी घेतली.

पण एक मेख आहे. यंत्रानं फक्त अंतर सांगायचं. जमिनीचा चढ-उतार मोजून सांगणं, किंवा बॉल कुठं आहे हे बघून “इथं अमुक क्लब मार” असा सल्ला देणं नियमित सामन्यात चालत नाही. म्हणून अनेक रेंजफाइंडरवर चढ-उताराचं फीचर बंद करायचं बटण असतं. एवढ्याशा बटणामुळे ते यंत्र सरावातही चालतं आणि सामन्यातही.

“आपलं गिऱ्हाईक हौशी आहे, त्याला नियमाशी काय देणंघेणं?” असा विचार कॅलवेनं एकदा करून पाहिला. २००० साली त्यांनी ईआरसी टू नावाचा क्लब आणला. त्याचा पुढचा पत्रा स्प्रिंगसारखा काम करायचा आणि बॉल लांब जायचा. यूएसजीएनं तो नियमबाह्य ठरवला. कंपनीनं सांगितलं की हा मजेसाठी खेळणाऱ्यांचा क्लब आहे. दिग्गज खेळाडू अर्नोल्ड पामर यांनीही हौशी लोकांनी तो वापरायला हरकत नाही, अशी बाजू घेतली. मग यूएसजीएनं जाहीर केलं की या क्लबनं केलेला स्कोअर हँडिकॅपसाठी धरला जाणार नाही.

इथं खेळ फिरला. अमेरिकेत या क्लबला अपेक्षेइतकं गिऱ्हाईक मिळालं नाही. कारण हौशी खेळाडूलाही आपण चीटिंग करतोय असं चार मित्रांसमोर दिसायला नको असतं. त्यामुळे यंत्राचा आराखडा कागदावर उतरतानाच नियम क्रमांक ४.३ वाचून घ्यावा लागतो. गोल्फमध्ये कोणती उपकरणं कशी वापरायची, हे हाच नियम सांगतो.

तिसरा प्रश्न: हे काम सध्या कोण करतंय?

नवीन कंपनी बहुतेक वेळा आपल्यासारखंच दुसरं यंत्र शोधते. तसं नाही सापडलं की म्हणते, “आपल्याला स्पर्धकच नाही.” पण स्पर्धक यंत्रच असेल असं कुठं आहे?

स्कायकॅडी नावाचं जीपीएस यंत्र एकेकाळी अमेरिकेत चांगलं चाललं होतं. कंपनीची माणसं मैदानावर प्रत्यक्ष चालून नकाशे तयार करायची आणि खेळाडू वर्षाची वर्गणी भरायचे. मग २००८ मध्ये ॲपलनं ॲप स्टोअर उघडलं. जीपीएस तर फोनमध्ये येऊन बसलंच होतं. थोड्याच काळात अंतर सांगणारी ॲप आली, त्यातली कितीतरी फुकट. या यंत्राचा खरा स्पर्धक खेळाडूच्या खिशात आधीपासूनच होता.

भारतात हा प्रश्न आणखी वेगळा होतो. अमेरिकेत बहुतेक हौशी खेळाडू बॅटरीच्या गाडीतून फिरतात, सोबत कोणी नसतं. आपल्याकडे चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबपासून दिल्लीपर्यंतच्या जुन्या क्लबांत खेळाडूसोबत कॅडी असतो. तो फक्त पिशवी उचलत नाही. अंतर सांगतो, क्लब सुचवतो, उतार कुठं आहे ते दाखवतो आणि झाडीत गेलेला बॉलही शोधून आणतो. वर सांगितलेल्या नियमात यंत्राला जो सल्ला द्यायला मनाई आहे, तो सल्ला कॅडी बिनदिक्कत देऊ शकतो.

आणि ही माणसं खेळ किती ओळखून असतात? १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर यांची सुरुवात कॅडी म्हणूनच झाली होती.

म्हणजे अमेरिकेत जे यंत्र एका अडचणीवरचा उपाय ठरतं, तेच भारतात आधीच सुटलेल्या अडचणीवर आणखी पैसे मागतं. शिवाय रोज मिळणाऱ्या कामावर ज्याचं घर चालतं, त्या माणसाच्या पोटावरही ते येऊ शकतं. इथं यंत्र विकायचंच असेल तर वेगळा विचार लागतो. ते यंत्र कॅडीच्या हातात देता येईल का? त्याचं काम आणि मोबदला त्यानं वाढेल का? अमेरिकेतली आकडेवारी उचलून त्याला भारताच्या लोकसंख्येनं गुणलं, तर हे काहीच दिसत नाही.

चौथा प्रश्न: पैसे नेमके कोणाच्या खिशातून येणार?

आता डेन्मार्कला जाऊ. तिथं २००३ मध्ये ट्रॅकमॅन ही कंपनी उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक टक्सेन हे रडार इंजिनिअर. तोफगोळ्यांसारख्या वेगानं उडणाऱ्या वस्तूंचा माग काढणारी रडार बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी आधी काम केलं होतं. तेच तंत्र त्यांनी गोल्फच्या बॉलवर लावलं.

हे यंत्र लाखो रुपयांचं. सामान्य खेळाडू घेणार कसा? ट्रॅकमॅननं सुरुवातीला त्याला विकायचा खटाटोपच केला नाही. त्यांची गिऱ्हाइकं होती क्लब बनवणाऱ्या कंपन्या, व्यावसायिक खेळाडू आणि प्रशिक्षक. या लोकांसाठी अचूक आकडा ही रोजीरोटीची गोष्ट. प्रशिक्षक तर यंत्राचे पैसे शिकवणीतून वसूल करू शकत होता.

शिवाय यंत्रानं एक जुना समजही मोडला. क्लब ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेला बॉल निघतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. रडारच्या मोजणीतून दिसलं की बॉल बहुतांशी क्लबचं तोंड जिकडं असतं तिकडं निघतो. शिकवण्याची पद्धतच बदलली म्हटल्यावर प्रशिक्षकाला यंत्राशिवाय राहणं अवघड झालं.

असं वरून खाली नाव झाल्यावर खालचा बाजार उघडला. २०२१ मध्ये गार्मिननं आर १० नावाचा छोटा लाँच मॉनिटर सुमारे ६०० डॉलरला आणला. तोवर लाँच मॉनिटर म्हणजे काय, हे हौशी खेळाडूला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

आता सुरुवातीची चिप आठवा. रडारगोल्फमध्ये एकट्या खेळाडूनं खिशात हात घालायचा होता. वर त्यानं आपल्या आवडीचा बॉल सोडून चिपवालाच बॉल वापरायचा होता आणि तोही पाण्यात गेला तर संपलं. टॉपगोल्फमध्ये चिपचा खर्च मैदानाचा. तोच बॉल दिवसभरात कितीतरी लोक मारणार आणि तो कायम मैदानातच राहणार. गिऱ्हाईक चिपचे पैसे देतच नव्हतं, ते संध्याकाळ मजेत जावी म्हणून पैसे देत होतं.

पाचवा प्रश्न: तिसऱ्या महिन्यात काय होतं?

यंत्र घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच वापरतात. स्टोरी टाकतात, मित्रांना दाखवतात. खरी परीक्षा पुढं असते. चार्ज करायचं लक्षात राहतं का? फोन खिशातच ठेवायचा कंटाळा येतो का? मिळालेल्या आकड्यांवरून काय सुधारायचं ते कळतं का?

वर्षाच्या वर्गणीवर चालणाऱ्या कंपनीसाठी तर हा जगण्या-मरण्याचा प्रश्न. समजा, १०० जणांनी यंत्र घेतलं आणि दुसऱ्या वर्षी ४० जणांनीच वर्गणी भरली. मग उरलेले ६० भरून काढण्यासाठी परत जाहिरात, परत सवलत. फुटक्या बादलीत पाणी ओतल्यासारखं.

मोठ्या नावांनाही हे चुकत नाही. टॉपगोल्फलाही पुढं जुन्या केंद्रांवर गर्दी टिकवणं अवघड जाऊ लागलं. २०२४ मध्ये कॅलवेनं टॉपगोल्फ पुन्हा वेगळं करायची योजना जाहीर केली. लोकांनी एकदा येणं वेगळं आणि परत परत येणं वेगळं.

मग यंत्र बनवण्याआधी हे तपासायचं कसं?

“असं यंत्र आलं तर घ्याल का?” हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी मागचं विचारायचं. गेल्या वर्षभरात गोल्फच्या कोणत्या वस्तूवर किती पैसे घातले? गेल्या पाच सामन्यांत ही अडचण किती वेळा आली? तेव्हा काय केलं? काहीच केलं नाही असं उत्तर आलं, तर अडचण तेवढी मोठी नाही हे समजायचं.

मग कच्चं यंत्र बनवून वीस-तीस जणांना द्यायचं आणि दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. आठवण न करता किती जण वापरतात, एवढंच मोजायचं. शेवटी ते यंत्र परत मागायचं. “राहू दे ना, पैसे देतो” असं म्हणणारे किती, हाच खरा सर्व्हे.

त्यानंतर आगाऊ नोंदणी, तीसुद्धा पैसे घेऊन. लाइक आणि कमेंट कितीही आल्या तरी त्या बँकेत भरता येत नाहीत. सोबत पेटंट कोणाकडे आहे ते बघायचं. वायरलेस यंत्र असेल तर अमेरिकेत एफसीसीची मान्यता लागते, तिचा वेळ आणि खर्च धरायचा. विक्रीचा हंगामही बघायचा. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात मैदानं बंद असतात. त्यामुळे वसंत ऋतू, जूनमधला फादर्स डे आणि ख्रिसमस या काळात माल दुकानात पोहोचला पाहिजे. जुलैमध्ये तयार झालेलं यंत्र चांगलं असलं तरी फादर्स डेची गिऱ्हाइकी गेलेली असते.

थोडक्यात काय, तर यंत्र किती भारी आहे हा प्रश्न बराच नंतर येतो. आधी बघायचं की घेणारा कोण आहे, त्याच्याकडे आत्ता काय आहे, नियम काय म्हणतो आणि तो दुसऱ्यांदा पैसे देईल का. जॉलिफ बंधूंच्या चिपला या प्रश्नांची उत्तरं मिळाली. रडारगोल्फच्या चिपनं हरवलेला बॉल शोधून दिला, पण गिऱ्हाईक काही सापडलं नाही.